लेबलाच्या खोलीतली गुणाबाई

निपाणीहून हायवेला लागण्याआधी डाव्या हाताला आण्णाप्पा मालकांचा चटणीचा कारखाना लागतो. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये एका टोकाला मिरची भाजतात, मधे कांडप चालतं आणि दुसऱ्या टोकाला बायका ओळीनं बसून पाकिटं भरतात. त्या सगळ्या शेडमध्ये दार असलेली खोली एकच, आणि तीही माणसांसाठी बांधलेली नाही. लेबल छापणाऱ्या मशीनला मिरचीची धूळ चालत नाही, म्हणून मालकांनी कोपऱ्यात प्लायवूड आणि काच लावून ती करून घेतली. मशीनच्या निमित्तानं आत पंखा आला, खुर्ची आली, आणि त्या खुर्चीवर गुणाबाई आली.

लग्न होऊन निपाणीत आल्यापासून गुणाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तंबाखूचा खकाणा नाकातोंडात जायचा, लुगड्याच्या निऱ्यांत बसायचा, भाकरीच्या फडक्यालासुद्धा त्याचा वास यायचा. नवरा शामू त्याच वखारीत हमाली करायचा. मुलगी उपासना शाळेत असतानाच तो छातीच्या दुखण्यानं गेला. पुढे वखारी एकेक करून बंद पडत गेल्या तशी गुणाबाई शेजारच्या मालुबाईबरोबर चटणीच्या कारखान्यात आली. तंबाखू गेली आणि मिरची आली, ठसका तोच, असं मालुबाई म्हणायची.

खुर्ची मिळाली ती वाचता येत होतं म्हणून. गुणाबाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कानडी तिला कुणी शिकवली नव्हती. बसवरचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या आणि रेशनच्या दुकानात चिकटवलेले कागद वाचत वाचत ती आपोआप आली. चटणीच्या पाकिटावरच्या लेबलाला एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, खाली तारीख, किंमत आणि बारकोड. दोन्ही बाजू वाचून चूक पकडील अशी दुसरी बाई पॅकिंगमध्ये नव्हती. मालकांची धाकटी सून प्रियदर्शनी कारखाना बघायला लागली तेव्हा तिनं एकदा लेबल पुढे केलं, "गुणाक्का, वाचून दाखवा बघू." दुसऱ्या दिवसापासून गुणाबाई काचेच्या आत.

मशीन चालवायला शिकवलं ज्योतिबानं. तो बेळगावहून मोटरसायकलवर यायचा, पाठीवर हत्यारांची पिशवी.

"आत ही काळी रिबन असती, आक्का. तिला एका बाजूनं मेण लावल्यालं असतंय, शाईचं. वर हे हेड. हेड तापलं की मेण वितळतंय आणि कागदावर बसतंय. किती तापवायचं ते ह्या नंबरावर. कमी झालं तर अक्षर पुसट, जास्त झालं तर फासतंय."

"आणि बरोबर किती?"

"ते मशीन सांगत न्हाय. कागद बदलला, रिबन बदलली की पुन्हा बघायचं. खालनं सुरू करायचं, एकेक नंबर चढवायचा. अक्षर भरलं की थांबायचं. आणि उगं स्पीड वाढवायचा न्हाय, भरभर पळवलं की कागदाला ऊब लागायला वेळच मिळत न्हाय."

"म्हंजे मिरची भाजल्यागत."

"आता ते मला म्हाईत न्हाय. आमच्यात मिरची आई भाजती."

नंबर बघायची गुणाबाईची स्वतःची रीत पुढे बसत गेली. हीट कमी असली की मराठी अक्षरांवरची आडवी रेघ तुटक यायची, जणू कुणी मधूनमधून खोडरबर फिरवला आहे. हीट जास्त झाली की कानडी अक्षरांची गोल पोटं शाईनं भरून यायची आणि बारकोडाच्या रेघा फुगून एकमेकींना टेकायच्या. वरची रेघ अखंड आणि खालची पोटं मोकळी, असं जिथं जमेल तो नंबर खरा. बहुतेक वेळा तो चौदा असायचा. थंडीच्या सकाळी एखादा नंबर वर. मग लेबलावर अंगठा घासून बघायचा, काळं लागलं नाही की रोल सोडायचा.

खोलीत गुणाबाईनं पाण्याचा माठ ठेवला होता. पॅकिंगच्या बायका पाण्याच्या निमित्तानं आळीपाळीनं आत यायच्या आणि पंख्याखाली दोन श्वास घेऊन जायच्या. मालुबाईची छाती वखारीतूनच बिघडलेली. संकेश्वरी मिरची कांडायला घेतली की तिला सगळ्यांच्या आधी ठसका लागायचा. ती आत येऊन रोलच्या खोक्यावर बसायची, तोंडाचं फडकं सोडायची आणि म्हणायची, "तुझ्या मशीनचं लई उपकार हायत बाई आमच्यावर. माणसासाठी कुणी पंखा लावला नसता."

दिवाळीनंतर कधीतरी लेबलं पुसट यायला लागली.

गुणाबाईला पहिल्यांदा वाटलं, रिबन हलकी आली. तिनं हीट एक नंबर वाढवली. बरं दिसलं. संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा पुसट दिसायला लागलं, तिनं पुन्हा वाढवली. मग एकदा सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख बघायला मान वर केली तर कॅलेंडरही पुसट. त्याला तर हीट नव्हती. संध्याकाळी घरी दिवा लावला तेव्हा बल्बभोवती कडं दिसलं, धुक्यात दिसतं तसं. ती अंथरुणावर बसून राहिली. तिची आई तानीबाई म्हातारपणी असंच म्हणायची, घरात धूर झालाय, घरात धूर झालाय. चूल विझलेली असली तरी.

कळायचं ते तिला त्या संध्याकाळी कळलं. पण तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन हीट आणखी एक नंबर वाढवली, कारण अक्षर काळंभोर असलं की तिला ते अजून वाचता येत होतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तिला भीती नव्हती. भीती होती खासबागची.

उपासना बेळगावात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. तिचं घर खासबागात, तिसऱ्या मजल्यावर. जावई चांगला, नातू गोड, घरात बसायला सोफा. "आई, बस्स झालं आता, इकडं ये," हे उपासना दर फोनला म्हणायची आणि मनापासून म्हणायची. मागं ताप आला तेव्हा गुणाबाई तिथं राहून आली होती. सकाळी सगळे डबे घेऊन बाहेर पडायचे, दार लागायचं, आणि मग दिवसभर पाणी सोडणाऱ्याची शिट्टी ऐकायची आणि टीव्ही बघायचा. शेजारच्या दारावरची पाटी रोज वाचायची, दार मात्र कधी उघडं दिसायचं नाही. कुणी तिला काही काम सांगायचं नाही. भांडं विसळायला घेतलं तर उपासना हातातून काढून घ्यायची, "आयुष्यभर केलंस ना." लेकीचं काही चुकत नव्हतं. पण गुणाबाई दमायची ती तिथं. निपाणीत अंग दुखायचं, तिथं नुसतं बसून जीव थकायचा.

डोळे गेले म्हटल्यावर खुर्ची जाणार, आणि खुर्ची गेली की खासबाग. निपाणीत राहायला दुसरं कारण तिच्यापाशी नव्हतं. म्हणून ती गप्प राहिली.

हीट वाढत गेली तशी मशीनची कुरकुर वाढली. रिबनीला चुण्या पडायच्या, लेबलावर तिरक्या पांढऱ्या रेघा उमटायच्या, मधेच रिबन तुटायची. गुणाबाई ती जोडायची आणि पुढे चालवायची. तिला लेबल छान काळं दिसत होतं. कानडी अक्षरांची पोटं भरली आहेत की मोकळी, हे बघण्याइतकी नजर राहिली नव्हती, आणि अंगठ्याला ते कळत नाही.

फाल्गुनात बेळगावच्या एका मोठ्या दुकानातून माल परत आला. गल्ल्यावरचं मशीन बारकोड वाचत नव्हतं. खोकी उतरवून घेताना प्रियदर्शनीचा चेहरा उतरला होता. तिनं आरडाओरडा केला नाही, ज्योतिबाला फोन केला.

ज्योतिबानं झाकण उघडलं आणि शिट्टी वाजवली. "सव्वीस? आक्का, ही हीट हाय का होळी? सव्वीसवर कुणी नेली?"

प्रियदर्शनी शेजारी उभी होती. काचेपलीकडून पॅकिंगच्या बायका बघत होत्या, म्हणजे बघत असाव्यात. गुणाबाईला नुसते रंग दिसत होते.

"ठिपके येत हुते," ती म्हणाली. "पांढरे. अक्षर धरत नव्हतं, म्हणून वाढवली."

तेवढं बोलून ती थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते छोटंसंच निघालं. पण ज्योतिबाला ते पुरलं. त्यानं रोल हातात घेतला, उजेडात तिरका धरला, बोट फिरवून बघितलं. "वैनी, हे बघा. तेल. चटणीचं तेल लागलंय कागदाला. तेलावर मेण बसत न्हाय, मग ठिपका राहतोय. त्याला हीट वाढवून काय उपेग न्हाय. आत कोण कोण येतंय?"

रोलवर एका कडेला तेलाचा डाग होता हे खरं. मालुबाई खोक्यावर बसताना हात टेकायची तिथलाच. चटणीत तेल असतं आणि पाकिटं भरणाऱ्या बायकांचे हात दिवसभर त्यात असतात. ज्योतिबानं हेड पुसलं, हीट चौदावर आणली, दोन-चार लेबलं काढून बारकोड वाचून दाखवला आणि गेला. जाताना गुणाबाईला म्हणाला, "हेडला थोडा मार बसलाय, आक्का. आता ह्याच्यावर नेऊ नका."

प्रियदर्शनीनं बायकांना जमवून सांगितलं. आवाज न चढवता, नीट समजावून. लेबलाच्या खोलीत यापुढे गुणाक्कांशिवाय कुणी जायचं नाही. माठ बाहेर ठेवू.

माठ बाहेर आला, कांडपाच्या बाजूला, आणि त्यावर मिरचीची लाल साय धरायला लागली. बायका पाणी पिताना वरचं पाणी फुंकून बाजूला करायच्या. मालुबाई ठसका लागला की आता शेडच्या दारात जाऊन उभी राहायची, ऊन असो नसो. जाता-येता काचेपाशी थांबून आत बघायची.

"का गं साहेबीणबाई, बराय न्हवं वारा?"

गुणाबाई मान खाली घालून रोल सरळ करत राहायची.

"आमचं हात तेलकट. तुझं तेवढं लोण्यागत."

बाकीच्या बायका हसायच्या. घरी जाताना दोघी नेहमी एकाच वडापच्या जीपनं जायच्या. त्या आठवड्यात मालुबाई पुढच्या सीटवर बसायला लागली. गुणाबाईला तिची पाठ दिसायची आणि खोकला ऐकू यायचा.

आणि आत खुर्चीवर बसून गुणाबाईची वेगळीच पंचाईत झाली. हीट चौदावर होती आणि चौदावर तिला काही वाचता येत नव्हतं. लेबल बाहेर यायचं ते करड्या ढगासारखं. रेघ अखंड आहे का तुटक, पोटं मोकळी का भरलेली, बारकोड कसा आलाय, सगळं अंदाजपंचे. नवा रोल लावला, कागद जरा वेगळा निघाला, आणि नंबर पुन्हा बघायची वेळ आली. तिनं चौदावरच एक लेबल काढलं. तिनं ते लेबल खिडकीपाशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग तसंच पदराखाली घेऊन संध्याकाळी घरी निघाली.

वडापात ती मुद्दाम पुढे जाऊन मालुबाईशेजारी बसली. उतरल्यावर गल्लीच्या तोंडाशी, विहाराच्या कट्ट्यावर तिनं तिला बसवलं आणि लेबल हातात दिलं.

"बघ जरा. कसं आलंय?"

"मला काय कळतंय? मला वाचायला येतंय व्हय?"

"वाचू नको. हे वरचं मराठी. ह्या आडव्या रेघंला कुठं भोकं पडल्यात का बघ. आणि खाली हे कानडी. गोल गोल हायत न्हवं, ते गोल आतनं मोकळं हायत का भरल्यात?"

मालुबाईनं लेबल डोळ्यांपुढे धरलं. "रेघंला भोकं हायत. तीन-चार जागी. गोल मोकळंच हायत." मग तिनं मान वर केली. "का गं? तुला दिसत न्हाय?"

गुणाबाईनं लेबल परत घ्यायला हात पुढे केला.

"गुणे. तुला दिसत न्हाय?"

"दिवाळीपासनं."

समोरून एक म्हैस गेली, तिच्यामागून सायकलवर दूधवाला. मग मालुबाईला खोकला आला, तो संपेपर्यंत गुणाबाई थांबली.

"म्हंजे हात आमचं तेलकट न्हवतं," मालुबाई म्हणाली. "तू आंधळी झालतीस."

"तेल व्हतं रोलवर. पर ते मुद्द्याचं न्हवतं."

"आणि मी तिथं उन्हात दारात उभी."

"व्हय."

"शिव्या घालाव्यात तर तुला दिसायचं न्हाय, मी रागानं बोलतोय का हसतोय," मालुबाई म्हणाली आणि उठून चालायला लागली. चार पावलं जाऊन थांबली. "चल. ठेच लागून पडशील आणि ते पण माझ्यावरच येईल."

सांगू नको असं गुणाबाई तिला म्हणाली नाही, आणि मालुबाईनंही कुणाला सांगितलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन काचेपाशी आली. गुणाबाईनं हीट एक नंबर चढवून काढलेलं लेबल आतून काचेला लावलं. बाहेरून मालुबाईनं ते बघितलं आणि बोट वर केलं. गुणाबाईनं आणखी एक नंबर चढवला, दुसरं लेबल लावलं. मालुबाईनं तळहात आडवा धरला. थांब. काचेला नाक टेकवलं की मालुबाईचा हलणारा हात तेवढा मात्र गुणाबाईला दिसायचा.

मग रोजचंच झालं. रोल बदलला, रिबन बदलली की गुणाबाई काचेवर टिचकी मारायची आणि मालुबाई पाकिटं सोडून यायची. लेबलं पुन्हा चांगली यायला लागली. बेळगावच्या दुकानानं माल घेतला. प्रियदर्शनी म्हणाली, "बघा, हात लागायचे बंद झाले आणि लगेच फरक पडला." गुणाबाईनं मान डोलावली आणि त्या दिवशी तिला डबा गेला नाही. दुपारभर ती खुर्चीत बसून होती, पंखा अंगावर घेत. वारा नकोसा वाटत होता आणि उठून बंद करायचंही त्राण नव्हतं.

चैत्र लागला. नव्या मिरचीची पोती येऊन पडली आणि कांडप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू राहिलं. शेड तांबड्या धुरळ्यानं भरून गेली. त्या दिवशी रिबन संपली म्हणून गुणाबाईनं नवी लावली, चौदावर लेबल काढलं, काचेवर टिचकी मारली. पलीकडे मालुबाईचं हिरवं लुगडं उठलेलं दिसलं, काचेकडे येताना दिसलं, आणि मधेच खाली बसलं. गुणाबाईनं पुन्हा टिचकी मारली. हिरवा रंग जमिनीवरच राहिला, हलत होता, वर येत नव्हता. काच बंद होती आणि कांडप गरजत होतं, त्यामुळे खोकला ऐकू आला नाही. काय झालंय ते समजायला गुणाबाईला फार वेळ लागला, एवढं साधं दिसायला.

तिनं दार उघडलं, चाचपडत बाहेर गेली, मालुबाईला काखेत हात घालून उठवलं आणि आत आणलं. खुर्चीवर बसवलं. तोंडाचं फडकं सोडलं, आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. मालुबाईचे ओठ निळसर पडले होते, हे नंतर इतरांनी सांगितलं. तिचे दोन्ही हात चटणीनं माखलेले, एक लेबलांच्या रोलवर टेकलेला.

प्रियदर्शनी धावत आली. तिनं आधी कांडप बंद करायला सांगितलं. मग मालुबाईला बोलण्याइतका श्वास येईपर्यंत ती उभी राहिली. शेवटी तिची नजर रोलकडे गेली असावी, कारण ती म्हणाली, "गुणाक्का, असू दे, अडचणीची वेळ होती. पण तेवढा रोल बाजूला काढा."

"वैनी, रोलचं काय न्हाय," गुणाबाई म्हणाली. "तेलाचं कधीच काय नव्हतं. मला दिसत न्हाय. अक्षर दिसावं म्हणून मी हीट वाढवत गेलो. ह्या बायकांचा काय दोष न्हाय."

"तू गप बस," खुर्चीतून मालुबाई म्हणाली. आवाज फुटत नव्हता तरी. "तुला कुणी विचारलंय?"

"आणि नंतरची लेबलं?" प्रियदर्शनीनं विचारलं. "ती तर चांगली आलीत."

"ती हिनं बघितली. काचेतनं."

प्रियदर्शनीनं रोल स्वतःच काढून बाजूला ठेवला. "मला आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "मी या सगळ्यांना उगीच बोलले." तिला वाईट वाटलं होतं हे तिच्या आवाजात कळत होतं, आणि ती चिडली होती हेही. "घरी फोन करा. ऑपरेशन करून घ्या. बाकीचं मग बघू."

त्याच दुपारी माठ पुन्हा आत गेला. शेजारी हात पुसायला एक फडकं खुंटीला टांगलं.

उपासना दुसऱ्या दिवशी निपाणीला आली. ती रागावेल असं गुणाबाईला वाटलं होतं. ती रडली. "तुमच्या चटणीचं पाकीट आहे माझ्या घरात," ती म्हणाली. "लेबल असलं फासलेलं. आमच्या लॅबमध्ये नळीवर असं लेबल आलं तर मी परत काढायला लावते. पाकीट हातात घेऊन मला काय वाटलं सांगू? मशीन जुनं झालं असेल. माझ्या डोक्यातच आलं नाही, आई."

"तुझ्या डोक्याला कमी कामं हायत व्हय," गुणाबाई म्हणाली.

ऑपरेशन बेळगावात झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. खासबागच्या घरात गुणाबाई हिरवा चष्मा लावून बसली. औषधाचे थेंब घालायला उपासना लॅबमधून मधेच येऊन जायची. पट्टी निघाली तेव्हा पहिल्यांदा तिला दिसले ते लेकीच्या कपाळावरचे पांढरे केस. ते कधी आले ते तिला माहीतच नव्हतं. गॅलरीत उभं राहिलं की समोरच्या इमारतीच्या खिडकीतले गज मोजता येत होते. तिनं दोन-चार दिवस सगळं बघून घेतलं. मग बघण्यासारखं काही उरलं नाही, आणि पुन्हा ती पाण्याच्या शिट्टीची वाट बघायला लागली.

"राहा आता इथंच," उपासना म्हणाली. "खरंच, आई. तिथं कोण आहे तुझं?"

"मालू हाय."

"ती काय तुझी सख्खी बहीण आहे?"

गुणाबाईनं डॉक्टरांची पुढची तारीख विचारली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच आठवड्यात ती निपाणीच्या बसमध्ये बसली.

लेबलाच्या खोलीत राजाबाई होती. पॅकिंगमधलीच पोरगी, लग्न होऊन नुकतीच आलेली, दहावी पास, डोळे चांगले. गुणाबाईला बघून ती खुर्चीतून उठली. गुणाबाईनं तिला बसायची खूण केली.

आण्णाप्पा मालक त्या दिवशी स्वतः कारखान्यात होते. "गुणाक्का, बरं झालं आलात," ते म्हणाले. "तब्येत कशी हाय? आता त्या पोरीचा हात बसलाय मशीनवर. सूनबाईंनी शिकवून घेतलंय. तिला उठवायचं म्हंजे..." ते थांबले. "तुमचं वय पण झालं. घरी आराम करायचा तर कोण नको म्हणंल? आणि यायचं असलं तर पॅकिंगला जागा हाय. तुमच्यासाठी असतीच."

असं होईल हे गुणाबाई बसमध्ये बसली तेव्हाच धरून चालली होती, तरी ऐकताना तिची नजर खुर्चीकडे गेली. काचेपलीकडे राजाबाई लेबल उजेडात धरून बघत होती, नीट बघत होती. तिच्याशी भांडावं असं काही तिनं केलं नव्हतं. मालकांचंही चुकलं म्हणता येत नव्हतं. मागं-पुढं बघितलं तर कुणाशीच भांडण काढता येत नव्हतं, आणि त्याचाच तिला फार शीण आला.

"पॅकिंगला बसतो," ती म्हणाली.

मालुबाईनं सरकून जागा केली. "ये. उतरलीस का गादीवरनं?"

"उतरलो."

"डोळं चांगलं झालं?"

"तुझ्या नाकावरचा तीळ दिसतोय."

"तो बघायला एवढा खर्च केलास व्हय." मालुबाईनं चटणीचा चमचा तिच्या हातात दिला. "गच्च भरू नकोस. पाकीट फुगलं तर परत काढायला लावत्यात."

दुपारपर्यंत गुणाबाईच्या बोटांना आग सुटली, कंबर धरली. इतक्या वर्षांची खुर्चीची सवय, जमिनीवर मांडी घालून बसणं गुडघ्यांना झेपेना. नव्या डोळ्यांना मिरची जास्तच झोंबत होती. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून उपासनानं बरोबर दिलेला गॉगल तिनं लावला होता आणि बायका तिला पिक्चरची हिरॉइन म्हणत होत्या. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"पोचलीस का नीट? बसलीस का तुझ्या जागेवर?" उपासनानं विचारलं.

गुणाबाईनं काचेकडे बघितलं नाही. "मालूच्या शेजारी बसलोय," ती म्हणाली.

पलीकडून लॅबमधल्या कुठल्याशा मशीनचा आवाज येत होता. "आई, मग कशाला? खुर्ची पण गेली. आता तिथं कशासाठी राहायचं?"

याचं उत्तर गुणाबाईनं बसमध्ये शोधलं होतं, सकाळपासून पाकिटं भरताना शोधलं होतं, आणि सांगण्यासारखं तिला काही सापडलं नव्हतं. शेजारी मालुबाई भाकरीचा तुकडा मोडून, अर्धा तिच्या फडक्यावर ठेवून, तोंड फिरवून खोकत होती.

"चार दिवस बघतो," ती म्हणाली. "न्हाय झेपलं तर येतो. सुट्टीत पोराला घेऊन तू ये."

"नक्की येशील?"

"न्हाय झेपलं तर."

तिनं फोन पिशवीत ठेवला. शेडमध्ये बेल झाली, कांडप सुरू झालं. दोघींनी भाकरी आटोपती घेतली, तोंडाला फडकी बांधली, आणि गुणाबाईनं मालुबाईचा हात धरून आधी तिला बसवलं, मग त्याच हाताचा आधार घेऊन आपण बसली.